लॅटिन आलं, ग्रीक राहिलं: खेळातून भाषा शिकवण्याची जुनी गोष्ट

लहान बाळं बोलण्यातले आवाज वेगवेगळे कसे ओळखायला लागतात, हा माझ्या पीएचडीचा विषय. हे नातेवाइकांना कळल्यापासून लग्नकार्यात मला एकच प्रश्न येतो: "पोरीला इंग्रजी यायला कुठलं ॲप चांगलं गं? म्हणजे खेळता खेळता शिकेल."

गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्याच घरात आला. माझी भाची तेव्हा अडीच वर्षांची होती. तिच्या प्लेग्रुपमधून दादा-वहिनीला सांगण्यात आलं की घरीसुद्धा इंग्रजीतच बोला, नाहीतर मूल गोंधळतं. आमची आई मूळची धुळ्याकडची. नातीशी ती अहिराणीत बोलायची. हा निरोप आल्यापासून ती गप्प झाली. चिडून नाही, अगदी समजूतदारपणे. "माझ्यामुळे तिचं नुकसान नको," असं म्हणाली. मग दुपारी भाची टॅबलेट घेऊन बसायची, सफरचंदावर बोट ठेवायची, टॅबलेट म्हणायचा "ॲपल", टाळ्या वाजायच्या. आणि आई शेजारी बसून नुसती बघायची.

मी दादाला लगेच संशोधन ऐकवायला घेतलं. त्याने नेहमीप्रमाणे ऐकून घेतलं आणि काहीच बदललं नाही. मग मी जरा मागे गेले, म्हणजे इतिहासात. खेळातून भाषा शिकवणं ही काही ॲपवाल्यांची कल्पना नाही. ती निदान पाचशे वर्षं जुनी आहे, आणि ती कधी चालते, कधी फसते हेही तेव्हापासून दिसतं आहे. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते.

एकाच घरात दोन प्रयोग

फ्रान्समध्ये बोर्दोजवळ १५३३ साली मिशेल द माँतेन जन्मला. पुढे 'निबंध' हा साहित्यप्रकार त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याचे वडील पिएर हौशी गृहस्थ. लॅटिन ही तेव्हा विद्वानांची भाषा, आणि ती शिकण्यात मुलांची कितीतरी वर्षं जातात हे त्यांना खटकत होतं. त्यांनी काय केलं, तर मूल बोलायला लागायच्या आधीच एक जर्मन शिक्षक घरी ठेवला. याला लॅटिन उत्तम येत होतं आणि फ्रेंच अजिबात येत नव्हतं. आणि घराला एक नियम घालून दिला: मुलासमोर कोणीही लॅटिनशिवाय काही बोलायचं नाही. वडील, आई, नोकर, दासी, सगळ्यांना हा नियम लागू. ज्याला जेवढे शब्द जमतील तेवढे त्याने शिकायचे आणि तेवढ्यातच बोलायचं.

माँतेन सांगतो की याचा सगळ्यांनाच फायदा झाला. आई-वडिलांना समजण्यापुरतं लॅटिन आलं. आजूबाजूच्या गावांत काही कारागिरांना आणि अवजारांना लॅटिन नावं पडली, ती पुढेही टिकली. आणि तो स्वतः सहा वर्षांचा होईपर्यंत त्याला फ्रेंच काय किंवा गावची बोली काय, अरबीइतकीच अनोळखी होती. लॅटिन मात्र त्याला पुस्तक, व्याकरण, छडी आणि रडारड यांच्याशिवाय आलं.

आता दुसरा प्रयोग. याच वडिलांनी याच मुलाला ग्रीक शिकवायचं ठरवलं. इथे मात्र त्यांनी खराखुरा खेळ योजला. पटावरच्या खेळांतून गणित-भूमिती शिकवायची पद्धत तेव्हा होती. त्याच धर्तीवर ग्रीक शब्दांची रूपं चेंडूसारखी एकमेकांकडे टाकायची, असा तो डाव. म्हणजे आपल्याकडे 'रामः रामौ रामाः'चा पकडापकडीचा खेळ केला तर कसा होईल, तसं काहीसं.

निकाल? माँतेन मोठेपणी सरळ कबूल करतो की ग्रीक त्याला जवळपास येतच नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चक्क खुर्चीतून उठले. घर एक, बाप एक, मूल एक. आनंदाने शिकवायची इच्छाही दोन्हीकडे सारखीच. ज्याला आपण 'खेळ' म्हणू ते ग्रीकमध्ये जास्त होतं, आणि तिथेच हात रिकामा राहिला. अर्थात हा काही नियंत्रित प्रयोग नाही. एकच मूल, आणि हकीकतही त्यानेच कित्येक वर्षांनी लिहिलेली. ग्रीकला वेळही कमी मिळाला असेल. पण यातून एक नेमका प्रश्न हाती येतो. खेळात भाषा घालणं आणि भाषेत खेळणं, या दोन गोष्टी एकच आहेत का?

ग्रीकच्या खेळात भाषा हा चेंडू होता. खेळ संपला की चेंडू कोपऱ्यात. लॅटिनमध्ये मात्र पाणी मागायचं, हट्ट करायचा, कोणाच्या मागे धावायचं, सगळं लॅटिनमध्येच. तिथे भाषेशिवाय खेळताच येत नव्हतं.

कावळ्याचा आवाज आणि आठ नाटकं

यानंतर साधारण शंभर वर्षांनी हाच प्रश्न एका शिक्षकाने हातात घेतला. यान आमोस कोमेनियस, जन्म १५९२, मोराव्हियातला, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला. तीस वर्षांच्या युद्धात त्याला देश सोडावा लागला आणि उरलेलं आयुष्य पोलंड, स्वीडन, हंगेरी, हॉलंड असं फिरण्यात गेलं. इतक्या भाषांच्या मुलखांत राहिलेल्या माणसाला भाषा कशी शिकवावी याचा विचार करावाच लागला असणार.

त्याचं १६५८ साली न्यूरेंबर्गला छापलेलं 'ऑर्बिस पिक्टस' हे लहान मुलांसाठीचं पहिलं गाजलेलं चित्रमय पाठ्यपुस्तक. प्रत्येक चित्रातल्या वस्तूंना आकडे, आणि तेच आकडे खालच्या लॅटिन आणि जर्मन मजकुरात. मुळाक्षरांची सुरुवात तर फारच गोड आहे: कावळा, कोकरू, वारा, रडणारं बाळ यांच्या आवाजांवरून अक्षरं. आज आपण बालवाडीत भिंतीवर जे तक्ते लावतो, त्यांचे पणजोबा म्हणजे हे पुस्तक.

पण मला त्याचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. हंगेरीतल्या शारोश्पाताक इथे शिकवत असताना, १६५० ते १६५४ या काळात, त्याने आपल्या लॅटिनच्या पुस्तकाची चक्क आठ नाटकं केली. मुलांनी ती पाठ करून रंगमंचावर सादर करायची. नाव 'स्कोला लुडुस', म्हणजे शाळा हाच खेळ. फरक लक्षात येतोय ना? चित्राच्या पुस्तकात मूल शब्दाकडे बघतं. नाटकात समोरचा त्याच्या वाक्याची वाट बघत उभा असतो. तुम्ही बोलला नाहीत तर पुढचं घडतच नाही.

आता थोडं माझ्या लॅबच्या भाषेत

कोमेनियसला जे जाणवलं ते मोजता यायला तीनशेहून अधिक वर्षं लागली.

१९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात हिंदीतले 'ट' आणि 'त' वापरले होते. तुम्हा-आम्हाला हा फरक म्हणजे काहीच नाही. इंग्रजी भाषकांना मात्र दोन्ही एकसारखेच ऐकू येतात. बाळाला विचारायचं कसं? तर तोही एक खेळच. आवाज बदलला की बाळाने मान वळवायची, बरोबर वळवली की हलणारं खेळणं दिसतं. इंग्रजी घरांतली सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळं 'ट' आणि 'त' व्यवस्थित वेगळे ओळखत होती. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र फार थोड्यांना ते जमलं. आजूबाजूला जे ऐकू येत नाही, त्याकडे कान हळूहळू दुर्लक्ष करायला शिकतात.

मग प्रश्न असा की ही खिडकी उघडी ठेवता येते का? २००३ साली अमेरिकेत पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांसाठी मँडरिन चिनी बोलणारी माणसं बोलावली. जमिनीवर बसायचं, खेळणी काढायची, पुस्तकं दाखवायची, मँडरिनमध्ये गप्पा मारायच्या. पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या फक्त १२ बैठका. शेवटी तपासलं तर मँडरिनमधल्या अवघड आवाजांचा फरक या बाळांना तैवानमधल्या बाळांइतकाच कळत होता. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तीच खेळणी, तीच वाक्यं टीव्हीवर दाखवली, किंवा नुसती ऐकवली. त्यांच्यात काहीही फरक पडला नाही. शून्य.

थांबा, लगेच टीव्ही फेकू नका. अभ्यास लहान आहे, आणि आवाज ओळखणं म्हणजे पूर्ण भाषा येणं नव्हे. शिवाय याच प्रयोगशाळेने २०१८ साली दाखवलं की पडद्यासमोर बाळ एकटं न बसता दुसऱ्या बाळाबरोबर बसलं, तर थोडं शिक्षण पडद्यावरूनही होतं. म्हणजे दोष निव्वळ काचेचा नाही. एकटेपणाचाही आहे.

भाषेचं घरटं

आतापर्यंत हा सगळा हौसेचा मामला वाटेल: लॅटिन आलं तर आलं. पण न्यूझीलंडमध्ये हाच प्रश्न एका समाजाच्या जिवाशी आला.

१८६७ च्या कायद्याने तिथल्या माओरी मुलांसाठीच्या सरकारी शाळांत इंग्रजी हे शिक्षणाचं माध्यम झालं. शाळेत माओरी बोललो म्हणून मार खाल्ल्याच्या आठवणी पुढच्या कित्येक पिढ्यांनी सांगितल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर माणसं गावं सोडून शहरांत आली आणि घरातली भाषाही बदलली. इथे आपण जरा सांभाळून बोलूया. ज्या आई-बापांनी मुलांशी माओरी बोलणं थांबवलं, त्यांना भाषेचा तिरस्कार नव्हता. आपण खाल्ला तो मार मुलांनी खाऊ नये, त्यांना नोकऱ्या मिळाव्यात, एवढंच त्यांना हवं होतं. माझ्या आईसारखीच माणसं ती. १९७० च्या दशकात रिचर्ड बेंटन यांनी घरोघरी पाहणी केली तेव्हा चित्र स्पष्ट झालं: आजी-आजोबांना भाषा येते, नातवंडांना येत नाही.

१९७२ मध्ये शाळांत माओरी शिकवावी म्हणून तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेकडे गेला. पण आठवड्यातून काही तासिका घेऊन भाषा जगत नाही हेही लोकांच्या लक्षात येत होतं. मग वडीलधाऱ्यांच्या बैठकांमधून एक साधी कल्पना पुढे आली. मधल्या पिढीकडे भाषा नाही ना? मग तिला ओलांडून आजीलाच थेट नातवंडापाशी बसवू.

१९८२ साली वेलिंग्टनजवळच्या वाईनुईओमाता इथे पहिलं 'कोहांगा रेओ' सुरू झालं. कोहांगा म्हणजे घरटं, रेओ म्हणजे भाषा. इरिताना ताफिफिरांगी या बाईंचा ही चळवळ उभी करण्यात मोठा वाटा. जागा मिळेल तिथे घरटी निघाली: समाजमंदिरं, चर्चची सभागृहं, कोणाचं तरी घर. नियम एकच, आणि तो माँतेनच्या घरासारखाच: उंबऱ्याच्या आत फक्त माओरी. गाणी, गोष्टी, बोटांत दोरा अडकवून आकृत्या करायचे खेळ, जेवणं, भांडणं, रडणं, झोपणं, सगळं त्याच भाषेत. शिकवणाऱ्या बहुतेक आज्या. त्यांच्याकडे पदविका नव्हती, भाषा होती. आणि सोबत येणाऱ्या तरुण आयासुद्धा मुलांच्या जोडीने शिकत होत्या, माँतेनच्या घरातल्या नोकर-दासींसारख्या.

तीन वर्षांत अशी शेकडो घरटी झाली. १९९३ पर्यंत ती ८०० च्या पुढे गेली आणि मुलांची संख्या चौदा हजारांवर. हवाईत १९८४ मध्ये आणि फिनलंडच्या उत्तरेला इनारी सामी या जेमतेम काहीशे लोकांच्या भाषेसाठी १९९७ मध्ये हीच कल्पना उचलली गेली.

पण कथा इथे सुखाने संपत नाही. घरट्यातून बाहेर पडलेली पहिली मुलं पाच-सहा वर्षांची होऊन इंग्रजी शाळेत गेली आणि पालकांच्या डोळ्यांदेखत त्यांची माओरी गळून पडायला लागली. माँतेनचंही अगदी हेच झालं होतं! सहाव्या वर्षी त्याला बोर्दोच्या नामांकित विद्यालयात घातलं, आणि तिथे आपलं लॅटिन बिघडलं, असं तो लिहितो. फरक एवढाच की माओरी पालक गप्प बसले नाहीत. १९८५ मध्ये ऑकलंडच्या होआनी वाइतिती मराएवर त्यांनी स्वतःची पहिली माओरी माध्यमाची प्राथमिक शाळा काढली. १९८७ मध्ये माओरी देशाची अधिकृत भाषा झाली.

मग सरकारी अनुदान आलं, त्याबरोबर शिक्षण खात्याचे नियम, तपासण्या आणि पात्रतेचे निकष आले. अनुदान हवंच होतं. पण इतर बालवाड्यांना मोजायच्या पट्टीनेच या घरट्यांना मोजायला सुरुवात झाली. संख्या घसरत गेली. २०१२ मध्ये वाइतांगी न्यायाधिकरणाने आपल्या अहवालात म्हटलं की कोहांगा रेओला पुरेसा आणि योग्य आधार देण्यात सरकार कमी पडलं. आज ही घरटी पाचशेच्या खाली आली आहेत. तरीही, जी भाषा आजीबरोबर जाणार असं वाटत होतं, तिच्यात बोलणारे तरुण आई-बाप आज तिथे आहेत.

आपलं अंगण

आपल्याकडची परिस्थिती वेगळी होती, पण एक गोष्ट मला इथे हटकून आठवते. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी गेलं. इथे प्रश्न भाषा वाचवण्याचा नव्हता, मूल बालवाडीपर्यंत पोचण्याचा होता. गरीब घरची मुलं येत नव्हती. मग या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, आणि 'अंगणवाडी' जन्माला आली. महागड्या साधनांऐवजी बिया, खडे, शिंपले, पानं, माती. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा हेच नाव देशभर गेलं.

वारली मुलाची घरची बोली एक, पुस्तकातली मराठी दुसरी. त्याच्यासाठी प्रमाण मराठी ही नवीच भाषा. ती भाषा हातातल्या ओळखीच्या बियांना चिकटून, आपल्याच अंगणात आली तर परकी वाटत नाही. मुलाला भाषेकडे ओढण्याऐवजी भाषेनेच मुलाच्या खेळात येऊन बसायचं, हा मुद्दा मला वेलिंग्टन आणि कोसबाड दोन्हीकडे दिसतो.

तर मग ॲपचं काय?

मी दादाला शेवटी हेच सांगितलं. खेळ म्हणजे भाषेवरचं चॉकलेटचं वेष्टण नाही. खेळ उपयोगी पडतो तो त्यात समोर कोणीतरी असतं म्हणून, आणि त्या 'कोणीतरी'ला काहीतरी सांगायचं असतं म्हणून. भाचीने "ॲपल" म्हटलं नाही तर टॅबलेटचं काही अडत नाही. आजीचं अडतं.

आणि गोंधळायचं म्हणाल तर दोन-तीन भाषांत वाढणारी मुलं शब्दांची सरमिसळ करतात, ते अगदी नेहमीचं आहे. तो आजार नाही. इंग्रजी शिकवायलाही माझा विरोध नाही, मी स्वतः प्रबंध इंग्रजीतच लिहिते आहे. इंग्रजी ज्याला सहज येतं त्याने भाचीशी इंग्रजीत खेळावं. पण त्यासाठी आईला गप्प बसवायची गरज नव्हती. घरात घरटं होतंच, आम्ही ते आपल्या हाताने काढून ठेवलं होतं.

आई परत बोलायला लागली, पण लगेच नाही. पहिले काही दिवस ती दबकत, दादा कामावर गेल्यावर बोलायची. मग एका दुपारी भातुकली मांडून बसलेली भाची आपल्या बाहुलीला दम देताना ऐकू आली: "आठे ये! तुले काय जोयजे?" इकडे ये, तुला काय पाहिजे. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. तिला ते लागलं, म्हणून तिने वापरलं. वहिनी हसत सुटली, आई मात्र पदराने डोळे पुसत आत गेली.

पुढच्या जूनमध्ये भाची मोठ्या शाळेत जाईल. तिथे अहिराणी नसेल, मराठीही जेमतेम असेल. माओरी पालकांना जे दिसलं ते आम्हालाही दिसेल का? दिसू शकतं. घरटं सहा वर्षांपुरतं बांधून भागत नाही, हे इतिहासाने दोनदा सांगितलं आहे. आमच्या घरी निदान रोजची संध्याकाळ आजीची, एवढं ठरलं आहे.

माँतेनची एक शेवटची गोष्ट सांगते. म्हातारपणाकडे झुकल्यावर तो लिहितो की लॅटिन बोलून त्याला चाळीसेक वर्षं झाली. तरीही आयुष्यात दोन-तीनदा, अचानक मोठा धक्का बसला तेव्हा, तोंडून पहिले शब्द लॅटिनच निघाले. त्यातला एक प्रसंग होता धडधाकट वडील शुद्ध हरपून त्याच्या अंगावर कोसळले तेव्हाचा. ज्या बापाने ती भाषा घरात आणली, त्याच्यासाठीच ती परत आली.

तेव्हा आता कुठलं ॲप घेऊ, असं मला विचारलंत, तर मी आधी उलट विचारणार: तुमच्या घरात मुलाशी जमिनीवर बसून खेळायला कोण आहे, आणि त्या माणसाची भाषा कोणती?